पंख्याची दोरी कोण ओढत होतं? आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात नॅचेझ हे गाव आहे. तिथले कापूस-बागायतदारांचे जुने वाडे पाहायला ऑक्टोबरात काढलेल्या सहलीचं पत्रक मिळालं. ‘मिसिसिपीकाठची रजवाडी सफर’ हे नाव वाचलं तेव्हाच पोटात कालवलं होतं, पण म्हटलं, नावात काय, कार्यक्रम पाहू. कार्यक्रम पाहिला आणि तुम्हाला दोनदा फोन केला. एक सविस्तर ईमेलही लिहिली. उत्तर आलं ते एका ओळीचं: “ताई, ही सहल आहे, अभ्यासवर्ग नाही.” वर त्याच आठवड्यात, गावातली मराठी वाटाडी म्हणून माझं नाव मला न विचारता पत्रकात छापलं गेलं. मग खासगीत बोलण्यासारखं काही उरलं नाही. मंडळाचं नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही. अशी पत्रकं फक्त आपल्याच मंडळात निघतात असंही नाही.

मी कोण, हे सगळ्यांना ठाऊक नसेल. माझं माहेर वऱ्हाडात, खामगावजवळ. आजोबांची पंधरा एकर कोरडवाहू आणि त्यात कापूस. दिवाळीनंतर गाडीत कापूस तुडवून भरायचा, वर आम्ही पोरं झोपायचो आणि पहाटे जिनिंगच्या फाटकाशी जाग यायची. वेचायला येणाऱ्या बायांची बोटं बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी फाटलेली असायची. संध्याकाळी माप करताना आजोबा काट्याकडे बघायचे आणि त्या बाया आजोबांच्या हाताकडे. हे मला फार उशिरा कळलं, पण कळलं. गेली चौदा वर्षं मी नॅचेझमध्ये राहते, औषधांच्या दुकानात काम करते. गावाची वस्ती साडेचौदा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षाही कमी. सहा महिन्यांत निम्मं गाव गोळ्या घ्यायला माझ्यासमोर येऊन जातं. (जाता जाता: इथली माणसं गावाचं नाव ‘नॅचिझ’ असं उच्चारतात. बसमध्ये तेवढं सांगून ठेवा.)

“हिला ही घरं आवडतच नाहीत,” असं कार्यकारिणीत कुणी तरी म्हणाल्याचं कानावर आलं. अहो, या घरांपायी तर मी या गावात टिकले. नदीच्या उंच कड्यावर वसलेलं हे गाव. फ्रेंचांनी १७१६ मध्ये इथे किल्ला बांधला, म्हणजे न्यू ऑर्लिन्सही याच्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटं. मग इंग्रज आले, स्पॅनिश आले, शेवटी अमेरिकेचा झेंडा लागला. डनलीथ या वाड्याच्या चारही अंगांना मिळून २६ खांब आहेत. पावसात त्याच्या व्हरांड्यातून घराला पूर्ण फेरी मारली तरी भिजायला होत नाही. ऑबर्न या वाड्यातला गोल जिना भिंतीचा किंवा खांबाचा आधार न घेता वर जातो. १८१२ मधलं काम आहे ते. सुतारकामाची ज्याला थोडी तरी आवड आहे त्याने त्या जिन्याखाली उभं राहून मान दुखेपर्यंत वर पाहावं.

आणि लाँगवूड हा वाडा. तुमच्या पत्रकाच्या मुखपृष्ठावर त्याचाच फोटो आहे, म्हणून त्याच्याबद्दल जरा जास्त लिहिते.

आठ कोनांचं विटांचं घर, वर कांद्यासारखा घुमट. कापसाचा गडगंज बागायतदार हॅलर नट याने फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल स्लोन या वास्तुविशारदाकडून त्याचा आराखडा काढून घेतला. १८६० मध्ये बांधकाम सुरू झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेकडून आलेले कारागीर अवजारं जागीच टाकून आपापल्या घरी निघून गेले. ठरलेल्या ३२ खोल्यांपैकी ९ पूर्ण झाल्या, त्याही तळमजल्यावरच्या. १८६४ मध्ये नट न्यूमोनियाने वारला. त्याची बायको ज्युलिया मुलांना घेऊन त्या नऊ खोल्यांतच राहिली. वरचे मजले आजही तसेच आहेत: गिलावा नसलेल्या भिंती, उघड्या तुळया, कारागिरांनी मागे टाकलेली अवजारं. मधोमध उभं राहून वर पाहिलं की घुमटाच्या पोटापर्यंत नजर जाते आणि आत कबुतर फडफडल्याचाही आवाज घुमेल असं वाटतं.

पत्रकात या घराबद्दल एकच वाक्य आहे: ‘युद्धामुळे एका कुटुंबाचं स्वप्न अधुरं राहिलं.’ त्या कुटुंबाच्या मालकीची माणसं होती सुमारे ८००. घराच्या विटा गुलामांनी पाडल्या. कारागीर पळाल्यावर खालच्या खोल्या राहण्याजोग्या करायलाही मागे उरलेल्या स्थानिक लोकांबरोबर गुलामच राबले. स्वप्न अधुरं राहिलं ते एका घराचं, आणि ज्या युद्धाने ते अधुरं ठेवलं त्याच युद्धाने या आठशे जणांना मोकळं केलं. लाँगवूडमध्ये उभं राहून एवढं वाक्य बोलायला अर्धा मिनिटही लागत नाही.

आता तक्रारी.

पहिली तक्रार एका शब्दाची. पत्रकात चार ठिकाणी ‘गडीमाणसांच्या खोल्या’ असं छापलंय. मी फोनवर हरकत घेतली तेव्हा तुम्ही म्हणालात, “गुलाम शब्द फार जड होतो.” मी सालगडी पाहिलेत. त्यांचं जिणं काही सुखाचं नव्हतं, आमच्याही घरी नव्हतं, ते मी झाकत नाही. पण सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. पटलं नाही तर तो दुसऱ्याच्या वाड्यावर जातो. त्याची लेक मालकाच्या मिळकतीत धरली जात नाही आणि कर्ज फेडायला मालक तिला विकत नाही. मेलरोज या वाड्याच्या मागे विटांच्या दोन इमारती आहेत, एकीत स्वयंपाकघर, दुसरीत दूधदुभतं, आणि त्यांच्या माडीवर जी माणसं झोपत ती पाडव्याला कुठे जाणार होती? मागच्या व्हरांड्यात घंटा टांगलेल्या आहेत, प्रत्येकीचा आवाज निराळा, म्हणजे कुठल्या खोलीतून बोलावणं आलं ते माडीवर झोपेतही कळावं.

आणि जड शब्दाचं म्हणाल, तर आपल्या सभागृहात जोतीराव फुल्यांची तसबीर आहे. एप्रिलमध्ये तिला हार घालताना फोटोत तुम्ही सगळे असता. ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी १८७३ मध्ये अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या इथल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना तो शब्द जड झाला नाही. आपण मिसिसिपीत येऊन ‘गडीमाणसं’ म्हणायचं?

दुसरी तक्रार पंख्याची, आणि हिच्यावर मी अडून बसणार आहे. शनिवारी रात्री एका खासगी वाड्यात जेवण ठेवलंय. पत्रकातला मजकूर असा: ‘अस्सल महाराजा पंख्याखाली शाही भोजन! लहान मुलांना दोरी ओढण्याची गंमत अनुभवता येईल.’

हा पंखा म्हणजे काय ते मेलरोजच्या जेवणघरात नीट पाहायला मिळतं. टेबलावर छताला टांगलेली कोरीव महोगनीची भलीमोठी फळी, तिला बांधलेली दोरी, दोरी कप्पीवरून भिंतीपाशी. टोकाला मूल उभं. पाहुण्यांचं जेवण संपेस्तोवर त्याने दोरी खालीवर करत राहायचं. माश्या उडाल्या पाहिजेत, वारा लागला पाहिजे आणि मेणबत्त्या मात्र विझता कामा नयेत, अशा बेताने. मूल यासाठी की मोठ्या माणसाला शेतात किंवा स्वयंपाकात जुंपता येतं. इंग्रजीत याला ‘पंका’ म्हणतात. शब्द आपलाच, इंग्रज साहेबाच्या बंगल्यातून निघालेला. आपल्याकडेही दोरी ओढणारा पंखेवाला बाहेर व्हरांड्यात, घामाने निथळत, कधी पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून बसलेला असे. साहेब आत. मग यात ‘महाराजा’ आला कुठून? आपण कुठल्या खुर्चीवर बसलोय असं धरून चाललोय आपण?

आपल्या मुलांना त्या मुलाच्या जागी गंमत म्हणून उभं करू नका. एवढंच म्हणते.

तिसरं, वेशभूषा. ‘घेरदार झगा किंवा नऊवारी, उत्कृष्ट जोडीला बक्षीस.’ माझ्या दुकानात ऐंशी ओलांडलेली एक कृष्णवर्णीय बाई दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी येते. मी कापसाच्या गावची आहे हे कळल्यापासून आमची गट्टी जमली आहे. इथे दर वसंतात वाडे दाखवण्याचा उत्सव भरतो, आणि त्यात पूर्वी एक नाट्यदर्शन असे. गोऱ्या मुली घेरदार झग्यात नाचायच्या. काळ्या मुलांना कापसाच्या टोपल्या देऊन रंगमंचावर बसवायचे आणि आनंदाने गायला लावायचे. ही बाई लहानपणी त्या टोपलीशी बसलेली आहे. पुढे त्या खेळाचं नाव बदललं, संहिताही बदलली. मी तिला तुमच्या बक्षिसाबद्दल सांगितलं. ती काही बोलली नाही. सुट्टे पैसे मोजून पाकिटात टाकले आणि म्हणाली, “तुमच्याकडच्या बायकांना कापूस वेचावा लागत नाही का?” याचं काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

चौथी तक्रार गाळलेल्या जागांची. दोन दिवस, सात वाडे, आणि गावाच्या मध्यापासून जेमतेम मैलभरावरच्या एका तिठ्यावर बस थांबत नाही. ‘फोर्क्स ऑफ द रोड’ हे त्याचं नाव. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सर्वांत मोठ्या गुलामबाजारांपैकी हा एक. व्हर्जिनियाकडून साखळदंडात बांधून चालवत, नाहीतर बोटीतून आणलेली माणसं इथे उभी केली जात. पुष्कळदा लिलाव नसेच. सारखे कपडे घालून रांगेत उभं करायचं, गिऱ्हाइकाने फिरून पाहायचं, दात पाहायचे, घासाघीस करायची. आपल्याकडच्या बैलबाजारासारखंच, फक्त रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवण्याचा आडपडदाही नाही. १८३३ मध्ये कॉलऱ्याने मेलेल्या गुलामांची प्रेतं एका व्यापाऱ्याने घळीत टाकून दिली, तेव्हा गाव खवळलं. रोग घरात येईल म्हणून बाहेरच्या व्यापाऱ्यांना हद्दीबाहेर काढलं. बाजार भरत राहिला, हद्दीच्या पलीकडे. १८६३ मध्ये उत्तरेचं सैन्य गावात आलं तेव्हा कुठे तो मोडला. आता तिथे वाडा नाही, खांब नाहीत. थोडं गवत, माहितीचे फलक आणि जमिनीत काँक्रीटमध्ये बसवलेल्या बेड्या. २०२१ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने ती जागा आपल्या ताब्यात घेतली. तुम्ही म्हणालात, “तिथे पाहण्यासारखं काही नाही.” खरं आहे. बाजार उठला की मागे काय उरतं?

विल्यम जॉन्सनचं घरही गाळलंय. स्टेट स्ट्रीटवरचं साधं विटांचं घर. हा जन्माने गुलाम, अकराव्या वर्षी मुक्त झाला, गावातला नामांकित न्हावी बनला आणि १८३५ पासून मरेपर्यंत रोजनिशी लिहीत गेला. भाव काय, भांडणं कुणाची, कोण पैसे बुडवून पळालं, सगळं. गोरं गाव त्याच्या खुर्चीत मान मागे टाकून बसायचं आणि बोलायचं. तो काही संत नव्हता. त्याने स्वतःही गुलाम पाळले होते, आणि हे वाचताना माझी फार चिडचिड होते. १८५१ मध्ये त्याचा खून झाला, बांधाच्या वादातून. (वऱ्हाडातल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगायला नको.) मारेकऱ्याने आपण गोरे असल्याचा दावा केला. साक्षीदार काळे, आणि गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष कायद्याने चालत नव्हती. तो सुटला. सात वाड्यांच्या सात जिन्यांवर मिळून जेवढा नॅचेझ कळेल त्यापेक्षा जास्त या एका न्हाव्याच्या घरात कळतो.

गावातल्या कृष्णवर्णीयांच्या ऱ्हिदम क्लब या नाचघराच्या आगीत २३ एप्रिल १९४० च्या रात्री २०९ माणसं गेली. नाचगाण्याची रात्र होती. फुकट्यांनी शिरू नये म्हणून खिडक्या फळ्यांनी ठोकून बंद केलेल्या होत्या. त्याची आठवण जपणारी जागाही फोर्क्स ऑफ द रोडच्याच रस्त्यावर, सेंट कॅथरीन स्ट्रीटवर आहे. याचा तुमच्या पत्रकात उल्लेखही नाही, आणि त्याबद्दल मी तुम्हाला फार दोष देत नाही. बरेच पर्यटक ते वगळतात.

ईमेलच्या उत्तरात नाही, पण फोनवर तुम्ही तीन कारणं दिलीत. “मुलं लहान आहेत.” लहान मुलांना अफझलखानाचा कोथळा चालतो, मग बेड्या का चालू नयेत? “राजकारण नको.” बरं. तिसरं कारण मात्र खरं होतं, कारण ते बोलताना तुमचा आवाज खाली आला: “आपला काय संबंध?”

संबंध कापसाचा आहे. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेच्या दक्षिणेतले दहा बागायतदार पगार देऊन हिंदुस्थानात आणले, आपल्या शेतकऱ्याला कापूस शिकवायला. धारवाडपर्यंत त्यांचे प्रयोग चालले. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या कापूस पिकत होता, तरी शिकवायला हे. १८६१ मध्ये युद्ध लागलं, दक्षिणेची बंदरं कोंडली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना इथला कापूस मिळेना. नटच्या घुमटाखालची करवत जिथल्या तिथे राहिली, आणि त्याच चार वर्षांत मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. शेअरचा सट्टा बोकाळला, १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळला. त्या तेजीतल्या पैशातून प्रेमचंद रायचंदांनी विद्यापीठाला देणगी दिली, तिच्यातून राजाबाई टॉवर उभा राहिला. मँचेस्टरची नजर वऱ्हाडाकडे वळली, आगगाडी आली, खामगावचा कापूसबाजार वाढला. त्या बाजाराच्या जिवावर माझे आजोबा जगले, माझं शिक्षण झालं. लाँगवूडचे रिकामे मजले आणि मुंबईचा तो घड्याळाचा मनोरा एकाच वहीतल्या जमा-खर्चाच्या दोन बाजू आहेत. मी त्या घरात गेले की मला परकं वाटत नाही, आणि हेच मला अस्वस्थ करतं.

एक गोष्ट कबूल करायला हवी. हे वाडे आज उभे आहेत त्यात इथल्या बागमंडळाच्या बायकांचा वाटा मोठा आहे. १८६२ मध्ये गाव न लढता शरण गेलं म्हणून घरं जळाली नाहीत. पुढे कापसात बोंडं पोखरणारा सोंड्या किडा आला, पैसा संपला, जुनं पाडून नवं बांधायची कुणाची ऐपत उरली नाही. १९३१ च्या वसंतात कडाक्याच्या थंडीने बागा करपल्या, तेव्हा आलेल्या पाहुण्यांना फुलांऐवजी घरं दाखवली, आणि १९३२ पासून तिकीट लावून तो उत्सवच सुरू झाला. त्या तिकिटांवर छपरं शाकारली गेली. आपल्याकडे किती वाडे असे वाचले? म्हणून सहल रद्द करा असं मी म्हणत नाही. वाडे पाहा, तिकीट काढा, तो पैसा छपरालाच जातो.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे.

पत्रक मागे घेऊन नवं काढा. त्यात ‘गडीमाणसं’ जिथे जिथे आहे तिथे ‘गुलाम’ लिहा, आणि ‘रजवाडी’ व ‘महाराजा’ हे दोन्ही शब्द काढा.

शनिवारच्या जेवणात पंख्याची दोरी मुलांच्या हाती देऊ नका. जेवण त्या वाड्याऐवजी नदीकाठच्या एखाद्या खानावळीत ठेवलंत तर उत्तम. तळलेला कॅटफिश चांगला मिळतो, शाकाहाऱ्यांची सोय मी बघते.

वेशभूषा स्पर्धा रद्द करा. नऊवारी नेसायची तर संक्रांतीला नेसू.

पहिला थांबा फोर्क्स ऑफ द रोड, दुसरा विल्यम जॉन्सनचं घर, तिसरा मेलरोज. त्यानंतर हवे तेवढे वाडे. मेलरोज आणि जॉन्सनचं घर दोन्ही राष्ट्रीय उद्यानाकडे आहेत, तिथले मार्गदर्शक गुलामांबद्दल काही न झाकता सांगतात. मी भाषांतर करीन.

आणि माझं नाव पत्रकात ठेवायचं असेल तर वरचं सगळं मान्य करून ठेवा, नाहीतर काढा. याचं उत्तर मला या महिनाअखेरपर्यंत लेखी हवं, कारण बसवाल्याला थांबे आधी कळवावे लागतात.

शनिवारी सकाळी साडेनऊला मी त्या तिठ्यावर उभी असेन. मला तसंही जायचंच आहे, दुकानातल्या आजींना कबूल केलंय. बस थांबवणार असाल तर मुलांना टोप्या घालून आणा, ऑक्टोबरातही इथे ऊन लागतं.

आपली,
मंडळाची चौदा वर्षांची वर्गणीदार सभासद